मुलांना विचारणार कोण?
राष्ट्रीय बालधोरणावरचा तुमचा लेख वाचला. या धोरणाचा पाया सांगताना त्यात संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं कलम ३, म्हणजे मुलाचं सर्वोत्तम हित, छान उलगडलंय. पण कलम १२ चा साधा उल्लेखही नाही, हे फार खटकलं. मुलाशी संबंधित न्यायालयीन किंवा प्रशासकीय कारवाईत त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी मिळालीच पाहिजे, असं ते कलम सांगतं. मूल आईकडे राहणार की वडिलांकडे, या ताब्याच्या खटल्यात दोन्ही वकील तासभर भांडतात आणि जिच्यासाठी भांडतात ती मुलगी बाहेर बाकावर दप्तर धरून बसलेली असते. तिला न विचारता तिचं हित ठरवणार कसं? शिवाय कलम ४ नुसार आर्थिक-सामाजिक हक्कांसाठी उपलब्ध साधनं जास्तीत जास्त वापरणं सरकारवर बंधनकारक आहे. त्यावरही लिहा.