संस्कृती खात्याला सभागृहात प्रश्न विचारायचा, तर तारखा मागा

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की नागपुरात रवी भवनाची रंगरंगोटी, मोर्च्यांचे मार्ग आणि विधानभवनाचे पास यांच्या बातम्या सुरू होतात. पर्यटन व सांस्कृतिक कार्य विभागाच्या पुरवणी मागण्यांवर, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा पैशावर, कोण काय बोललं, हे मात्र शोधून वाचावं लागतं. बोलणारे थोडे, वेळ त्याहून थोडा. मागण्या एकत्र मताला टाकल्या जातात आणि कलेचा पैसा चर्चेविना मंजूर होतो. ज्या विदर्भात दंडार आणि खडीगंमत या लोककला आहेत, दिवाळी ते होळी चालणारी झाडीपट्टी रंगभूमी आहे, तिथल्या अधिवेशनात असं व्हावं हे मला मान्य नाही. आणि दोष फक्त सरकारचा आहे, असंही मला वाटत नाही. प्रश्नच असे विचारले जातात की खात्याला उत्तर देणं सोपं जातं.

आपल्याकडच्या तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांकडून सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या प्रश्नाचा, साचा ठरलेला आहे. '…हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आता या साच्यातला एक नमुना घ्या: 'नागपूर जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंतांचे मानधन सहा महिन्यांपासून रखडले असून त्यामुळे शेकडो कलावंतांवर उपासमारीची वेळ आली आहे, हे खरे आहे काय?' वाचायला जोरदार आहे. पण या एका वाक्यात तीन दावे आहेत: सहा महिने, शेकडो आणि उपासमार. कक्ष अधिकाऱ्याला तिन्हींपैकी एक पाडला की पुरे. आदल्या आठवड्यात दोन महिन्यांचे पैसे खात्यात पडले असतील, तर छापील उत्तर येतं, 'हे खरे नाही', आणि पुढच्या सगळ्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही'. चार महिन्यांची थकबाकी तशीच राहते आणि सदस्याच्या हातात काही उरत नाही.

तोच विषय असा विचारता येतो. ३१ ऑक्टोबर रोजी ज्येष्ठ कलावंतांच्या मानधन योजनेत नागपूर जिल्ह्याचे लाभार्थी किती? एप्रिलपासून प्रत्येक महिन्याचं मानधन कोणत्या दिनांकाला खात्यात जमा झालं? हयातीच्या दाखल्याअभावी किंवा आधार-बँक जोडणीअभावी किती जणांचं थांबलं, आणि त्यांना तसं लेखी कळवलं का? तालुकानिहाय प्रलंबित अर्ज किती, आणि त्यातला सगळ्यात जुना कोणत्या तारखेचा? यात 'खरे नाही' म्हणायला जागाच नाही. एकतर आकडा द्यावा लागतो, नाहीतर 'माहिती घेण्यात येत आहे' असं लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहून देणं हीसुद्धा नोंदच झाली.

ही योजना १९५४-५५ पासूनची. २०२४ मध्ये अ, ब, क या श्रेण्या जाऊन सरसकट महिना ५,००० रुपये झाले. त्याआधी हीच रक्कम श्रेणीनुसार ३,१५०, २,७०० आणि २,२५० होती. वाढ चांगलीच झाली, ती नाकारायचं कारण नाही. पण सभागृहात भाषणं होतात ती वाढीवर, आणि माणूस अडतो तो दुसरीकडेच. बँकेचं विलीनीकरण होऊन शाखेचा आयएफएससी कोड बदलला. अंगठ्याचा ठसा उमटत नाही म्हणून हयातीची नोंद होत नाही. कलावंत गेल्यावर मानधन पत्नीच्या किंवा पतीच्या नावावर करायचा अर्ज टेबलावर पडून राहिला. मानधन थांबण्याचं कारण बहुधा अशाच एखाद्या ओळीत सापडतं, आणि ती ओळ नेमका प्रश्न विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

आकडे हवे असतील तर अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचा प्रश्न टाकावा. तारांकितमध्ये तोंडी उत्तर मिळतं ते यादीत वर असलेल्या मोजक्या प्रश्नांना, बाकीच्यांची उत्तरं नुसती छापून येतात. आधी अतारांकितमधून आकडे काढायचे, मग त्यांच्या आधारावर तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, लावायची. हा क्रम सांभाळणारे सदस्य कमी आहेत, पण खात्याची खरी धांदल उडते ती त्यांच्याच प्रश्नांनी.

प्रश्न भलत्याच खात्याकडे जाणं ही दुसरी नेहमीची चूक, आणि ती नागपुरातच सगळ्यात जास्त होत असावी. अजब बंगला, म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र सिव्हिल लाइन्समध्येच असलं तरी ते केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाचं, त्यामुळे त्याचा प्रश्न खासदारानं दिल्लीत विचारायचा. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह महानगरपालिकेचं. सार्वजनिक ग्रंथालयं उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे आणि साहित्य संस्कृती मंडळ मराठी भाषा विभागाकडे. पत्ता चुकला की प्रश्न हस्तांतरित होत फिरतो आणि तोवर अधिवेशन संपतं.

आता पैशाचं. कला व संस्कृतीचं मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे तो खर्च ज्या क्रमांकाखाली नोंदला जातो ते, २२०५. अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेत हा आकडा दिसला की तो सगळा संस्कृती खात्याचा, असं धरून चालू नका. २२०५ मध्येच १०५ हे गौण शीर्ष (मुख्य शीर्षाखालचा उपक्रमांक) सार्वजनिक ग्रंथालयांचं आहे आणि ते दुसरा विभाग चालवतो. १०२ म्हणजे कला व संस्कृतीचं प्रवर्तन, १०३ पुरातत्त्व, १०४ पुराभिलेख, १०७ वस्तुसंग्रहालये. बांधकामाचा भांडवली खर्च ४२०२ मध्ये शोधायचा, तोही शिक्षण आणि क्रीडा यांच्यासोबत एकत्र असतो. पण सगळ्यात बोलके असतात ते शेवटचे दोन अंक, म्हणजे उद्दिष्ट शीर्ष, पैसा नेमका कशावर गेला ते सांगणारं. ३१ म्हणजे सहायक अनुदाने, २६ म्हणजे जाहिरात व प्रसिद्धी, २८ व्यावसायिक सेवा, ५० इतर खर्च. महोत्सवावर अमुक कोटी खर्च झाले, एवढ्यावरून काहीच कळत नाही. २६, २८ आणि ५० यांत किती गेले आणि कलाकारांच्या हातात थेट किती पडले, ते मागा. मंडप, एलईडी पडदा, ध्वनी, फलक, पाहुण्यांचा मुक्काम एका बाजूला, आणि जिल्ह्यातल्या पथकांचं मानधन दुसऱ्या बाजूला. त्या पथकांना पैसे कार्यक्रमानंतर किती दिवसांनी मिळाले, हेही सोबत विचारा. खर्चाची टक्केवारी शंभर असूनही ढोलकीवाल्याचे पैसे बाकी असू शकतात. कारण हिशेबात खर्च पडतो तो कोषागारातून रक्कम निघाल्यावर, आणि ती पुढं कुणाकडं अडली हे त्या हिशेबात दिसत नाही.

खडीगंमतीसारख्या कलापथकांना भांडवली अनुदान आणि प्रयोग अनुदान अशी दोन्ही मदत आहे. इथं तीन तारखा मागायच्या: अर्जाची, मंजुरीची, खात्यात जमा झाल्याची. सरकारचं वर्ष एप्रिल ते मार्च. तंबू, पेटी, प्रकाशयोजना हे सगळं वडसा-देसाईगंज भागातल्या झाडीपट्टी नाटक मंडळींना दिवाळीआधी लागतं. मार्चअखेरीस सुटलेला पैसा हंगाम आवरताना पोचतो आणि कागदावर मात्र निधी शंभर टक्के वापरलेला असतो. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीचं कौतुक सगळ्यांनी केलं, योग्यच केलं. त्या कौतुकाबरोबर या तीन तारखांचा तक्ताही सभागृहाच्या पटलावर यायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

छाननी कशी असावी याचं मला पटलेलं उदाहरण दिल्लीचं आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकांची संख्या तेव्हा ३,६७८ होती. कॅगनं, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, २०१३ च्या अहवालासाठी फायली वाचून काम संपवलं नाही. पुरातत्त्व खात्याच्या माणसांना सोबत घेऊन त्यातली १,६५५ स्मारकं प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिली. ९२ सापडलीच नाहीत. पुढं खात्यानं शोध घेतला, त्यातल्या ४२ चा पत्ता लागला. राहिलेल्या ५० बद्दल परिवहन, पर्यटन व संस्कृती विषयक संसदीय स्थायी समितीच्या २०२२ च्या अहवालात हिशेब आला: १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ धरणं-जलाशयांखाली आणि २४ चा मागमूस नाही. पहारेकऱ्यांचाही आकडा त्यातच आहे. गरज ७,००० माणसांची, ठेवता आली २,५७८, तीही ३,६९३ स्मारकांपैकी (संख्या तोवर वाढली होती) २४८ ठिकाणी. हे कुणाच्या भाषणातून आलेलं नाही. यादी हातात घेऊन जागेवर गेल्यामुळे आलं.

अजब बंगल्यासाठी असाच प्रश्न आमदारांनी करावा. नोंदवहीत वस्तू किती, शेवटची प्रत्यक्ष मोजणी कोणत्या साली, छायाचित्रासह नोंद झालेल्या किती, मंजूर पदं किती आणि भरलेली किती? चार ओळींचा प्रश्न आहे.

संसदेत ती स्थायी समिती ३१ जणांची आहे, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या ती सचिवांना समोर बसवून तपासते. आपल्या विधिमंडळात अशा विभागनिहाय स्थायी समित्या नाहीत. लोकलेखा समिती आहे, अंदाज समिती आहे, पण त्यांच्या पुढ्यात सगळीच खाती असतात आणि संस्कृतीची पाळी येईतो वर्षं जातात. विदर्भ-मराठवाड्याचं लेखापरीक्षण करणारं महालेखाकार कार्यालय नागपुरातच आहे. तिथल्या निरीक्षण अहवालांतले सगळेच परिच्छेद, म्हणजे लेखापरीक्षणातले आक्षेप, कॅगच्या छापील अहवालापर्यंत पोचत नाहीत. विभागनिहाय समिती असती तर त्या परिच्छेदांचा दरवर्षी पाठपुरावा झाला असता. अशा समितीची मागणी विदर्भातल्या सदस्यांनी पक्ष बाजूला ठेवून करायला हवी.

तोवर मंत्र्यांचं उत्तर नीट ऐका. 'तपासून कार्यवाही करण्यात येईल' हे सभागृहात म्हटलं गेलं की ते आश्वासन ठरतं आणि दिलेली आश्वासनं पाळली का हे बघणाऱ्या आश्वासन समितीकडे जाऊ शकतं. त्यासाठी सभागृहाच्या छापील कार्यवाहीतलं नेमकं वाक्य, दिनांक आणि प्रश्न क्रमांक टिपून ठेवावा लागतो. वर्तमानपत्राचं कात्रण तिथं चालत नाही.

आणि कलावंतांच्या संघटनांना एक विनंती. मोर्चा टेकडी रोडवर अडवला जातो तोवर तारांकित प्रश्नांची मुदत केव्हाच संपलेली असते. त्या आठवड्यात दिलेलं निवेदन लक्षवेधीला किंवा औचित्याच्या मुद्द्याला (सभागृहात आयत्या वेळी मांडता येणाऱ्या विषयाला) उपयोगी पडेल, तारांकितला नाही. म्हणून दिवाळीच्या आतच आपल्या आमदारांच्या स्वीय सहायकाकडे एक पान पोचवा. त्यावर योजनेचं नाव, तालुका, अर्जाचा दिनांक आणि शेवटचं मानधन जमा झाल्याचा दिनांक एवढंच लिहा, आणि मागं पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स जोडा.