इंदूर–पुणे सव्वा तास, असे म्हणणाऱ्या आप्तांसाठी

आज कुटुंबाच्या ग्रुपवर पुण्याच्या एका नातेवाइकांनी लिहिले, "विमानाने सव्वा तास तर लागतो, इंदूरकरांना येणे एवढे जड का व्हावे?" सकाळपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

नकाशावर सरळ रेघ ओढली तर इंदूर ते पुणे अंतर सुमारे 500 किलोमीटर भरते, मुंबईही जवळपास तितकीच. ताशी 800 किलोमीटर वेगाच्या विमानाला चढउतार धरून तासाभरात ते कापता येते, हे खरे. पण तो हिशेब विमानाचा झाला, आणि माणूस तर घरून निघतो.

गेल्या पावसाळ्यात मावशी अत्यवस्थ असल्याचा फोन आला, तेव्हा आईला घेऊन मी त्याच विमानाने निघालो. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, म्हणून घर त्याच्याही बरेच आधी सोडले, आणि बिजासन टेकडीच्या बाजूला विमानतळावर पोहोचल्यावर कळले की विमानाला उशीर आहे. किती, ते कोणी सांगेना. व्हीलचेअरवर बसलेली आई बोर्डिंग पासची घडी घालत होती, पुन्हा उलगडत होती, आणि फलकावरची वेळ पुढे सरकली की काही न बोलता माझ्याकडे बघत होती. लोहगावचा तळ हवाई दलाचा आणि धावपट्टी एकच, त्यामुळे उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या झाल्या. मग सिंहगड रस्त्यापर्यंतच्या गर्दीत उरलेली संध्याकाळ गेली. मावसभाऊ इंदूरहूनच गाडी काढून सेंधवा, धुळे, मालेगाव करत आमच्या आधी पोहोचला होता. त्याला मावशीने ओळखले. आई पोहोचली तेव्हा मावशी शुद्धीवर नव्हती.

अशा घरातल्या माणसांना सव्वा तास ऐकवायचा? निदान आईच्या डोळ्यांसमोर तरी हे लिहू नये, एवढे भान आप्तांना असायला हवे.

लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नसेल. आम्ही यावे, असेच त्यांना वाटत असणार. सकाळी जाऊन रात्री परतणाऱ्या नोकरदारांना विमान सोयीचे आहे, हेही मान्य. पण होळकरांच्या काळापासून ज्या शहरात मराठी घरे नांदत आहेत, तिथून पुण्याला जाणारी रेल्वे आजही रतलाम, वडोदरा, सुरत असा गुजरातचा वळसा घालते, याचा राग कोणालाच कसा येत नाही? इंदूर–मनमाड या 309 किलोमीटरच्या नव्या मार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, 18,036 कोटी रुपयांचा खर्चही ठरला. पण या मार्गाच्या गोष्टी ऐकतच आमच्या आधीची पिढी थकली. तो मार्ग असता, तर आई त्या दिवशी कोणाच्या फलकावर अवलंबून राहिली नसती.

पुढच्या महिन्यात मावशीचे वर्षश्राद्ध आहे. आई म्हणते, गुजरातमार्गे अख्खी रात्र गेली तरी चालेल, पण रेल्वेनेच जाऊ; एकदा डब्यात बसले की थेट पुण्यातच उतरायचे. मी तिकिटे काढली आहेत.