ज्यांची ओळख करून देण्याची गरज नाही

२७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, आमच्या वाचनालयाच्या अंगणात मांडव पडतो आणि मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. मी कार्यकारिणीत असल्यामुळे पहिल्या रांगेत बसावं लागतं. पहिल्या रांगेत डुलकी काढता येत नाही, हे त्या पदाचं एकमेव वैशिष्ट्य.

समई पेटवताना वाऱ्याने काडी विझते, म्हणून कोणीतरी पंखा बंद करतं. तो परत लावायचं सगळेच विसरतात. त्या उकाड्यात सूत्रसंचालक सुरू होतात, 'पाहुण्यांची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.' गरज नाही म्हटल्यावर माणसाने थांबावं की नाही? पण खिशातून घड्या घातलेला कागद निघतो आणि गाडी चौथीच्या स्कॉलरशिपपासून सुटते. पाहुणे 'बहुआयामी', 'हरहुन्नरी' आणि 'सर्वपरिचित' ठरतात. नाव तेवढं शेजारच्याला विचारून घ्यावं लागतं.

पाहुणे माइकवर टिचकी मारून म्हणतात, 'मी आपला फार वेळ घेणार नाही.' मुरलेले श्रोते हे ऐकताच घरी फोन लावतात, कुकर एवढ्यात लावू नका म्हणून. मग ज्ञानोबांची अमृताशी लागलेली पैज येते. ती येतेच. सातशे वर्षांपूर्वी त्यांनी रसिक अक्षरं जुळवीन असा शब्द दिला होता; आम्ही मात्र ती एकच ओवी जुळवून ठेवली आहे. पुढे '३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, आता जबाबदारी वाढली आहे.' कोणाची, ते गुलदस्त्यात. एखादे वक्ते आजच्या दिवसाला राजभाषा दिन म्हणून मोकळे होतात. तो १ मेला असतो, पण टाळ्या दोन्हींना सारख्याच पडतात.

मग शाल आणि श्रीफळ. आमच्या गावातल्या शाली फिरत्या आहेत. ज्याला मिळते तो पुढच्या सत्काराला देतो, त्यामुळे त्यांची घडी कधी मोडत नाही. भाषणातल्या वाक्यांचंही तेच.

सगळ्यात शेवटी, मांडवात खुर्च्याच उरल्यावर, आभारप्रदर्शन. 'आभार मानून मी यांना परकं करणार नाही. त्यांच्या ऋणातच राहायला मला आवडेल.' यंदा हे वाक्य नेमकं मांडववाल्याच्या वाट्याला आलं. तो मागे खांबाला टेकून उभा होता. संध्याकाळभरात शब्द कान देऊन ऐकणारा बहुधा तो एकटाच, कारण ताडकन सरळ होत ओरडला, 'साहेब, ऋणात नको! गेल्या वर्षीचंच बाकी आहे!'