थेरॉटिकली, काका!

एकदाही खोटं न बोलता माणसाला गंडवायचं असेल तर इंग्रजीतलं एक क्रियाविशेषण शिकून घ्या. थिऑरेटिकली. उच्चाराची काळजी नको, साताऱ्यात 'थेरॉटिकली' म्हटलं तरी चालतं. उलट तसं म्हटलं की माणूस थेट साईटवरून आलाय असं वाटतं.

अर्थाच्या भानगडीत पडू नका. शब्दकोशवाले सांगणार की काही गोष्टी गृहीत धरून, नियमाने आणि हिशोबाने जे व्हायला पाहिजे, ते थिऑरेटिकली होतं. म्हणजे आधी गृहीत काय धरलंय ते सांगणं आलं. ते सांगत बसलात तर धंदा बुडाला.

'हायपोथेटिकली' हा त्याचा चुलतभाऊ. तो म्हणतो 'समजा', हा म्हणतो 'हिशोबाने'. तुम्ही काम 'समजा'वर करा आणि बोलताना 'हिशोबाने' बोला.

पैसे मागताना मात्र हा शब्द टाळा. ॲडव्हान्स नेहमी प्रॅक्टिकली घ्यायचा असतो.

कुणी मराठी प्रतिशब्द विचारला तर 'तत्त्वतः' सांगा. 2017 च्या कर्जमाफीपासून 'सरसकट' आणि 'निकष' यांच्याबरोबर तो सगळ्यांना पाठ आहे.

घरात वापरू नका. 'थिऑरेटिकली भाजी आणलीय' म्हटल्यावर काय होतं ते मी बघितलंय.

आता गिऱ्हाईक कसं घ्यायचं ते. उदाहरणाला माझंच घर घ्या, नाहीतरी तुमच्याआधी सोलर विकणाऱ्या एका पोराने घेतलंच आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला घर, गच्चीवर 3 किलोवॅटचा सोलर. "थेरॉटिकली रोज 12 युनिट, महिन्याला 360. बिल शून्य, काका!" सूर्यघर योजनेची 78,000 रुपयांची सबसिडीही त्याने चहाच्या कपाशेजारी मांडून दाखवली. ती तेवढी बरोबर निघाली. डिसेंबरात युनिट निघाले 190. फोन केला तर म्हणतो, "काका, ते थेरॉटिकली होतं."

मग मीच वाचत बसलो. पॅनलवर छापलेले वॅट कुठले, तर चौरस मीटरला 1000 वॅट ऊन आणि आतला सेल 25 अंशांवर, अशा प्रयोगशाळेतल्या थाटातले. एप्रिलात आमच्या गच्चीवर चप्पल काढून उभं राहून दाखवा. पॅनल 60 अंशांच्या घरात जातं, आणि 25 च्या वर दर अंशाला उत्पादन साधारण 0.3 ते 0.4 टक्के घसरतं. हा झाला उन्हाळा. पावसाळ्याचं तर बोलूच नका. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, आणि आमच्या दक्षिणेला काय आहे ते साताऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. चार वाजले की ऊन किल्ल्याआड. त्यात शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. सकाळी तिची सावली बरोबर पहिल्या पॅनलवर, आणि एकावर सावली आली की रांगेतल्या बाकीच्यांचंही उत्पादन बसू शकतं. ही टाकी काही रातोरात उगवली नाही, अकरा वर्षं तिथंच आहे!

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात ना? वाऱ्यातल्या ऊर्जेपैकी जास्तीत जास्त 59.3 टक्केच पात्यांना मिळू शकते, हे बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी गणिताने दाखवलं. ही झाली थिऑरेटिकल मर्यादा. ह्याच्या वर कुणी जाणार नाही, असं छत. आमच्या पठ्ठ्याने छत दाखवून जमीन म्हणून विकलं. गुरुत्वीय लहरी असायला हव्यात हे आइनस्टाइनने 1916 साली थिऑरेटिकलीच मांडलं होतं, आणि 2015 साली त्या सापडल्या. तोही हाच शब्द, पण त्याने कुणाकडून ॲडव्हान्स घेतला नव्हता.

बास झाली चेष्टा. अरे पोरा, "काका, टाकी आडवी येतीय, 200 युनिट निघतील" असं म्हणायला तुझी जीभ झडली असती का? 200 वरही बसवला असता मी! बसवायला आलेल्या पोरांनी पहिल्याच दिवशी टाकी दाखवली मला, तोवर पैसे तुझ्या खात्यात. चुकला असतास तर एक वेळ सोडून दिलं असतं. चुकायलासुद्धा आधी बघावं लागतं. थिअरी हा शब्द ग्रीक 'थेओरिया'वरून आला, त्याचा अर्थच बघणं. आणि तू? खाली खुर्चीत बसून मोबाईलवर नकाशा मोठा करून गच्ची मोजलीस, दोन चहा प्यालास आणि गेलास.

जिना उजव्या हाताला आहे. अठरा पायऱ्या. सकाळी 9 ला ये, तेव्हा सावली असते.