सिडनी हॉवर्डचे दोन करार

चांगला नाटककार मालिकांनी पळवला, ही तक्रार मराठीत आता इतकी रुळली आहे की दिवाळी अंकातला परिसंवाद असो की नाट्यसंमेलनातले भाषण, ती कुठेतरी येतेच. तिच्यात गुन्हेगार ठरतो तो लेखक, कारण पैशाच्या मागे लागून त्याने रंगभूमीशी प्रतारणा केली असे गृहीत धरलेले असते. मॅसॅच्युसेट्समध्ये राहून ही चर्चा वाचताना मला ती भलत्याच जागी चालल्यासारखी वाटते, आणि तसे वाटायला याच राज्यातल्या टायरिंगम गावी शेती करणारा एक नाटककार कारण आहे.

सिडनी हॉवर्ड (१८९१–१९३९) हा मूळचा कॅलिफोर्नियातील ओकलंडचा. हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर यांच्या नाट्यलेखनाच्या वर्गात तो शिकला आणि पहिल्या महायुद्धात त्याने रुग्णवाहिका चालवली. नापा खोऱ्यातला उतारवयाचा इटालियन द्राक्षबागायतदार आणि पत्रांवरून जमलेली त्याची तरुण बायको यांच्यावरील नाटकासाठी त्याला १९२५ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९२९ पासून तो हॉलिवूडचा निर्माता सॅम्युएल गोल्डविन याच्यासाठी बोलपट लिहू लागला. आपल्याकडच्या हिशेबाने तो इथेच संपायला हवा होता. प्रत्यक्षात १९३४ या एका वर्षात ब्रॉडवेवर त्याची दोन महत्त्वाची नाटके आली, ‘डॉड्सवर्थ’ आणि पीतज्वराच्या संशोधनावरील ‘यलो जॅक’. (तेंडुलकरांनीही ‘मंथन’ आणि ‘अर्धसत्य’च्या काळात ‘कमला’ आणि ‘कन्यादान’ लिहिलेच होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.)

हॉवर्डला दोन्हीकडे नांदता आले, कारण दोन्हीकडचे करार निराळे होते आणि कुठे आपण मालक आहोत व कुठे नोकर, हे त्याला पक्के ठाऊक होते. १९२६ मध्ये अमेरिकी नाटककारांच्या संघटनेने, म्हणजे ड्रॅमॅटिस्ट्स गिल्डने, निर्मात्यांकडून एक किमान करार पदरात पाडून घेतला: नाटकाचा स्वामित्वहक्क लेखकाकडेच राहील आणि त्याच्या संमतीवाचून संहितेतला शब्दही बदलता येणार नाही. पुढे हॉवर्ड या संघटनेचा अध्यक्षही झाला. हॉलिवूडमध्ये चित्र नेमके उलटे होते. १९०९ च्या अमेरिकी स्वामित्वहक्क कायद्यानुसार मोबदला देऊन करवून घेतलेल्या लेखनाचा ‘लेखक’ म्हणजे ते करवून घेणारा मालक, आणि चित्रपटात तो मालक म्हणजे स्टुडिओ.

याचा अर्थ काय होतो, हे ‘गॉन विथ द विंड’च्या वेळी दिसले. हजारावर पानांची ती कादंबरी हॉवर्डने पटकथेत बसवली, तीही शक्य तितकी टायरिंगमच्या शेतावर बसून, कारण हॉलिवूडमध्ये मुक्काम ठोकायला तो राजी नव्हता. निर्माता डेव्हिड सेल्झनिकने मग ती पटकथा एकामागून एक लेखकांच्या हाती दिली. त्यांत कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्डही होता. १९३९ च्या आरंभी चित्रीकरण थांबले आणि पटकथाकार बेन हेक्टला घाईने बोलावण्यात आले. हेक्टने कादंबरी वाचलेली नव्हती. त्याने आत्मचरित्रात सांगितल्याप्रमाणे सेल्झनिक आणि दिग्दर्शक व्हिक्टर फ्लेमिंग प्रसंग अभिनय करून दाखवत आणि तो लिहून काढी. याआधीची एखादी पटकथा आहे का, असे त्याने विचारल्यावर हॉवर्डचा जुना मसुदा शोधून काढण्यात आला, आणि त्याच्या आधारानेच काम मार्गी लागले. पडद्यावर नाव एकट्या हॉवर्डचे आले. ते पाहायला तो नव्हता. ऑगस्ट १९३९ मध्ये स्वतःच्या शेतावर ट्रॅक्टर आणि भिंत यांच्यामध्ये चिरडून तो गेला आणि १९४० मध्ये मरणोत्तर ऑस्कर मिळवणारा पहिला मानकरी ठरला.

मराठी नाटकाच्या छापील पुस्तकात आरंभीच प्रयोगाचे, भाषांतराचे आणि चित्रपटाचे हक्क कोणाकडे आहेत ते लिहिलेले असते, आणि लेखकाला प्रयोगागणिक मानधन देण्याची आपली रीतही चांगली आहे. म्हणजे रंगभूमीवर आपला नाटककार हॉवर्डइतका नसला तरी बऱ्यापैकी मालक आहे. खरी पंचाईत पडद्याकडे आहे. अमेरिकेत पटकथाकाराने मालकी सोडली, पण त्या बदल्यात तो कायद्याने कर्मचारी ठरला, आणि कर्मचारी असल्यामुळेच त्याला संघटना करून सामूहिक सौदा करता येतो. २०२३ मध्ये तिथले लेखक १४८ दिवस संपावर राहू शकले ते याच आधारावर. गंमत अशी की मालकी राखणाऱ्या नाटककाराला हे बळ नाही. तो स्वतंत्र व्यावसायिक असल्याने, आणि अशा व्यावसायिकांनी मिळून अटी ठरवणे ही संगनमताची मक्तेदारी मानली जाऊ शकत असल्याने, त्याच्या संघटनेच्या किमान करारावर पुढे मक्तेदारीविरोधी कायद्याचा आक्षेप आला.

आपल्या मालिकालेखकाला या दोहोंपैकी काहीच मिळत नाही. हक्क लिहून देताना तो नोकरासारखा देतो, आणि किमान दर, कामाचे तास किंवा सामूहिक करार यांचा विषय निघाला की त्याला स्वतंत्र व्यावसायिक म्हटले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी लेखकाला रॉयल्टीचा वाटा दिला आणि तो हक्क सोडून देता येणार नाही असेही म्हटले; ती तरतूद पटकथाकाराच्या पदरात पडावी यासाठी नाट्यसंमेलनाने एखादा ठराव केला तर मी तो आवडीने वाचेन. रंगभूमीवरील निष्ठेचे ठराव पुष्कळ झाले आहेत.