चेकडिस्क आधी की कॉपी आधी? एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

नव्यानं वाचणाऱ्यांना वर-खाली करावं लागू नये म्हणून तुमची प्रतिक्रिया थोडक्यात पुन्हा मांडतो. माझा मूळ लेख पेंटियम-४ वर चालणाऱ्या एक्सपीबद्दल आणि त्यातल्या अडखळणाऱ्या ८० जीबी आयडीई (जुन्या, रुंद पट्टीच्या केबलच्या) हार्डडिस्कबद्दल होता. ‘चेकडिस्क लगेच चालवू नका, आधी डेटा काढा’ असं त्यात म्हटलं होतं; चेकडिस्क म्हणजे विंडोजमधला डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम. तुमचं म्हणणं असं, की कोल्हापूरच्या राजारामपुरीत इतकी वर्षं दुरुस्ती करताना चेकडिस्क स्लॅश आर आणि मग फॉरमॅट हाच तुमचा रिवाज आहे आणि बहुतेक डिस्का त्यानं चालू होतात. स्मार्ट (डिस्कची स्वतःच्या तब्येतीची नोंद) ‘गुड’ दाखवत असताना लोकांना घाबरवायचं कारण नाही. ‘पाचशेच्या डब्याला नवी डिस्क’ (डबा म्हणजे जुना संगणक) घरगुती माणसाला परवडत नाही. लेखात केबल आणि पॉवरचं नावही नाही. आणि शेवटी आव्हान: तुमच्या टेबलावर एक ४० जीबी टकटक करत पडली आहे, तिचं काय करायचं ते सांगा.

केबल-पॉवरचं तुमचं शंभर टक्के बरोबर. तो भाग लेखात पहिला यायला हवा होता, तो राहिला. इथं भरून काढतो.

संगणक उघडायला दहा मिनिटं घेतो, गाणं तुटत वाजतं, माउस थबकतो, पण डिस्कचा आवाज नेहमीचाच आहे आणि एररही येत नाही. असं दिसलं की डिस्कला हात लावायच्या आधी डिव्हाइस मॅनेजर उघडायचा. आयडीई कंट्रोलरच्या खाली प्रायमरी आयडीई चॅनल, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथं ‘करंट ट्रान्सफर मोड’ वाचायचा. ‘अल्ट्रा डीएमए मोड ५’ असेल तर ठीक. ‘पीआयओ’ असेल तर मंदपणाचं कारण तिथंच सापडलं. एक्सपीला डिस्कशी बोलताना सीआरसीच्या (वाटेत डेटा बिघडल्याच्या) किंवा टाइमआउटच्या (वेळेत उत्तर न आल्याच्या) सहा चुका साठल्या, की तो वेग एक पायरी खाली आणतो. असं उतरत उतरत शेवटी डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा वाहायची पद्धत) सोडून पीआयओवर येतो. तिथं डेटा वाहायची सगळी हमाली प्रोसेसरच्या डोक्यावर, आणि वेग कागदावरसुद्धा सेकंदाला जेमतेम १६.६ एमबी. एकदा खाली आला की गडी आपणहून वर चढत नाही. तो चॅनल अनइन्स्टॉल करून संगणक रीस्टार्ट करायचा. एक्सपी चॅनल नव्यानं शोधतो आणि डीएमए परत येतं. काही वेळा दुसऱ्यांदा रीस्टार्ट लागतो.

पण हे करायच्या आधी केबल बदलायची, नाहीतर चार दिवसांत तो पुन्हा पीआयओवर. केबल ४० पिनांचीच, पण ८० तारांची हवी. सीडी ड्राइव्हबरोबर येणारी जाड तारांची, ४० तारांची केबल डिस्कला लावली तर वेग यूडीएमए-३३ (अल्ट्रा डीएमएची खालची पायरी) च्या वर जात नाही. निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टरला (केबलवरच्या पहिल्या डिस्कला), मधलं करडं स्लेव्हला (दुसऱ्या डिस्कला). लांबी १८ इंचांच्या आत. कॅबिनेटमध्ये नीट बसावी म्हणून वर्षानुवर्षं करकचून घडी घातलेली केबल सरळ भंगारात. आणि डिस्क वेस्टर्न डिजिटलची असेल तर जंपर (मागच्या पिनांवरची छोटी टोपी) बघा: केबलवर ती एकटीच असताना ‘मास्टर’ला जंपर ठेवला तर काही मदरबोर्डांना ती दिसतच नाही. एकटीला ‘सिंगल’, म्हणजे बहुतेक मॉडेलवर जंपर काढूनच ठेवायचा.

मग एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारी पेटी. मोलेक्सच्या (डिस्कला वीज देणाऱ्या चार पिनांच्या जोडाच्या) काळ्या तारेत मल्टीमीटरची काळी पिन, पिवळ्या तारेत लाल. ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत. लाल तारेवर ४.७५ ते ५.२५. आकडा संगणक निवांत असताना घेऊन उपयोग नाही, स्विच टाकल्याच्या क्षणी बघायचा. मोटर फिरायला लागताना ३.५ इंची डिस्क १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते. एसएमपीएसमधले कॅपॅसिटर फुगलेले असतील तर नेमके तेव्हाच व्होल्ट पडतात, डिस्क थांबते, पुन्हा सुरू व्हायला बघते आणि ‘टक’ असा आवाज येतो. हा आवाज ऐकून चांगल्या डिस्का भंगारात गेल्याचं तुम्हीही पाहिलं असेल.

इथवर आपण एका बाजूला. आता चेकडिस्ककडे येतो, तिथं मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

स्लॅश आर पाच टप्प्यांत चालतं. पहिल्या तिनांत फाइलींच्या नोंदी, फोल्डरांच्या याद्या आणि परवानग्या तपासून तिथल्या तिथं दुरुस्त होतात, म्हणजेच त्याच डिस्कवर लिहिलं जातं. चौथ्यात प्रत्येक फाइल वाचली जाते. पाचव्यात मोकळी जागा वाचली जाते. आता ८० जीबीपैकी २० जीबी भरलेली आणि हेड (तबकडीवरून मजकूर वाचणारा भाग) थकलेलं, अशी डिस्क डोळ्यांसमोर आणा. तिचं उरलंसुरलं आयुष्य आपण ६० जीबी रिकामी जागा वाचण्यात घालवणार. एकेका खराब सेक्टरवर (साठवणीच्या सर्वांत लहान तुकड्यावर) डिस्क स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत अडकते, वर एक्सपी आपले प्रयत्न करतो. रात्री लावलेलं चेकडिस्क सकाळी १२ टक्क्यांवर दिसतं ते त्यामुळं.

चौथ्या टप्प्यात फाइलीचा एखादा क्लस्टर (सेक्टरांचा गट) वाचता आला नाही तर चेकडिस्क तो खराब म्हणून नोंदवतं आणि फाइलीला त्याऐवजी दुसरा क्लस्टर देतं. जुन्या क्लस्टरमधला मजकूर गेला तो गेला. फाइलीचं नाव तेच, आकार तोच, उघडायला गेलं तर कदाचित उघडतेही, फक्त आत ४ केबीचं भोक. फोटोत पडलं तर अर्धा फोटो करडा दिसतो, म्हणजे निदान कळतं. हिशोबाच्या फाइलीत पडलं तर मार्चअखेर ताळेबंद जुळवतानाच कळणार. आणि फोल्डरच्या नोंदीच वाचता आल्या नाहीत तर ‘डिलीटिंग इंडेक्स एंट्री’च्या ओळी पडद्यावरून धावू लागतात, आणि कुठल्या तरी ‘फाउंड ०००’ फोल्डरात नाव-गाव नसलेल्या तुकड्यांचा ढीग जमा होतो. चेकडिस्कला फाइल सिस्टिम सुसंगत करायची असते. तुमच्या फाइली वाचवणं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

मग तुमच्या डिस्का चालू कशा होतात? होतात, यात शंका नाही. फक्त कारण वेगळं आहे. डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही की ती त्याला ‘पेंडिंग’ यादीत टाकते. वाचता येत नाही, तोवर बदलताही येत नाही, कारण जुना मजकूर काय होता हे तिला माहीत नसतं. त्या जागी नवीन काही लिहिलं गेलं की ती लिहून बघते. नीट उमटलं तर सेक्टर यादीतून सुटतो, नाही उमटलं तर राखीव जागेतला दुसरा सेक्टर त्याच्या नावावर चढतो. म्हणजे गुण लिहिण्यानं येतो, आणि ते लिहिणं बरंचसं फॉरमॅटनंतर विंडोज नव्यानं टाकताना होतं. एक्सपीचा पूर्ण फॉरमॅटसुद्धा सेक्टर नुसते वाचून बघतो; सगळीकडे शून्य लिहिणारा फॉरमॅट व्हिस्टापासून आला. (‘लो लेव्हल फॉरमॅट मारून देतो’ अशी पाटी अजून कुठं दिसली तर लक्षात असू द्या, आयडीई डिस्कवर तो फक्त कारखान्यात होतो. दुकानात होतं ते शून्यं लिहिणंच.)

गिऱ्हाईक म्हणालं ‘डेटा नको, डिस्क चालवून द्या’, तर तुमचा रिवाज चुकीचा नाही. डेटा हवा असेल तर तोच रिवाज घात करतो.

आता स्मार्टचं ‘गुड’. बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) सुरू होताना जे ‘ओके’ येतं, ते उत्पादकानं ठरवलेली मर्यादा ओलांडली की नाही एवढंच सांगतं, आणि ती मर्यादा फार सैल असते. त्यापेक्षा क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रामात चार ओळींचे कच्चे आकडे वाचा. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे पेंडिंग, सी६ म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तपासणीत वाचता न आलेले, सी७ म्हणजे केबलवरच्या चुका. हे आकडे मुळात षोडशमान पद्धतीत येतात; तिथं ६४ दिसलं तर ते १०० आहेत. मेनूतून दशमान करून घ्या. सीगेटच्या ०१ आणि ०७ या ओळींत अब्जावधींचे आकडे दिसतात, त्यांना घाबरू नका, त्यांची मोजणीच तशी असते.

सी७ कधीच कमी होत नाही. म्हणून आजचा आकडा कागदावर लिहायचा, केबल बदलायची, एक-दोन जीबीची फाइल इकडून तिकडे कॉपी करायची आणि पुन्हा बघायचं. आकडा तिथंच थांबला तर दोष केबलचा होता. सी७ शून्य आणि सी५ वाढतंय, तर तबकडी किंवा हेड. एवढ्या दोन ओळींवर निम्मं निदान होतं.

आणि सगळं शून्य असलं तरी निर्धास्त राहू नका. गूगलनं २००७ साली स्वतःच्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी स्मार्टच्या चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. उलट, पहिली स्कॅन एरर आलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, तशी एरर न आलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे वाईट आकडा आला तर त्यावर विश्वास ठेवायचा, चांगल्यावर नाही.

खर्चाचं बोलू. नवी डिस्क घ्याच असं माझं म्हणणं नाही. ८० जीबी मोकळी जागा असलेली कुठलीही एक्स्टर्नल डिस्क चालते, उसनी आणलेलीही. फक्त ती फॅट-३२ नको, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही, आणि आपली इमेज (आख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत) ८० जीबीची एकच फाइल असते. डब्याचे पाचशेसुद्धा येणार नाहीत, मान्य. पण प्रिंटर पोर्टला डोंगल (परवान्याची किल्ली) लावून चालणारं मराठी फाँटचं जुनं सॉफ्टवेअर आणि त्यात केलेल्या पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका त्याच डब्यात असतात, म्हणून तर लोक तो तुमच्याकडं घेऊन येतात.

पद्धत अशी. लाइव्ह लिनक्सवरून (हार्डडिस्कवर न टाकता सीडी किंवा पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सवरून) संगणक चालू करायचा. त्या काळातले बरेच मदरबोर्ड पेनड्राइव्हवरून बूट होत नाहीत, तेव्हा सीडी जाळा. प्रोसेसर ३२-बिट असेल तर लिनक्सही ३२-बिट घ्या. आजारी डिस्क शक्यतो मदरबोर्डच्या आयडीई पोर्टलाच राहू दे, यूएसबी कन्व्हर्टर खराब सेक्टरवर लटकतात. उघडल्यावर तिच्या चिन्हावर क्लिक करायचं नाही, ती माउंट होता (म्हणजे तिच्यातल्या फाइली लिनक्सनं उघडता) कामा नये. एलएसबीएलके (lsblk) ही आज्ञा देऊन कुठली डिस्क किती जीबीची ते दोनदा वाचायचं, कारण इथं स्रोत आणि मुक्काम यांची अदलाबदल झाली तर पुढं बोलायला काही उरत नाही. मग डीडीरेस्क्यू (ddrescue, खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम): पहिल्या फेरीत हायफन एन (-n) हा पर्याय, त्यानंतर स्रोत डिस्क, इमेज फाइल आणि मॅप फाइल याच क्रमानं. या फेरीत ते खराब जागेवर रेंगाळत नाही, सोपं ते सगळं आधी गोळा करतं. दुसऱ्या फेरीत हायफन डी (-d) आणि हायफन आर ३ (-r3), म्हणजे राहिलेल्या जागांवर तीन-तीन प्रयत्न. मॅप फाइल (कुठली जागा वाचून झाली याची नोंद) विसरू नका. मध्येच लाइट गेली तरी तिच्यामुळं काम होतं तिथून पुढं सुरू होतं. जुन्या बोर्डाचा यूएसबी १.१ असेल तर सेकंदाला एमबीभरच सरकतं, ८० जीबीला जवळजवळ पूर्ण दिवस लागेल. त्यापेक्षा तेवढ्यापुरती डिस्क यूएसबी २ असलेल्या बोर्डाला लावा.

नंतर ती इमेज दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि तिच्यावर चेकडिस्क स्लॅश एफ (वरचे पहिले तीनच टप्पे) खुशाल चालवा. बिघडलं तर इमेज आहेच.

डिस्क मधूनच दिसते, मधूनच गायब होते आणि केबल, पॉवर दोन्ही ठीक आहेत, तर आपल्याकडच्या पावसाळ्यात एक जागा जरूर बघावी. खालची हिरवी सर्किट प्लेट टॉर्क्स टी-८ किंवा टी-६ स्क्रूनं धरलेली असते. ती अलगद काढली की आतल्या बाजूला हेडच्या पिना जिथं टेकतात ते ठिपके दिसतात. चकचकीत असायला हवेत. काळपट पडले असतील तर पेन्सिलच्या पांढऱ्या खोडरबरनं हलके घासायचे, रबराचा भुगा झटकायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं. वरचं झाकण मात्र कुठल्याही परिस्थितीत उघडायचं नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा तोडगाही नको, बाहेर काढताच तबकडीवर दव धरतं. २०१९ च्या पुरात भिजलेल्या डिस्का उन्हात वाळवून जोडण्याचे प्रकार झाले, तेही तसलंच. हवेच्या छिद्रातून आत गेलेलं गाळाचं पाणी वाळलं की त्याचा थर तबकडीवरच राहतो.

राहिली तुमची ४० जीबी. ती केबलवर एकटी लावा, चांगल्या एसएमपीएसवर, जंपर तपासून. एकदाच पॉवर द्या आणि बायोसमध्ये नाव वाचा. मॉडेल नंबर आणि क्षमता नीट आली, तर डिस्कला स्वतःचा फर्मवेअरचा (ती चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रामचा) भाग वाचता येतोय, म्हणजे डीडीरेस्क्यूला वाव आहे. क्षमता शून्य आली किंवा भलतंच नाव आलं (जुन्या मॅक्सटर अशा वेळी मॉडेलऐवजी कारखान्यातलं सांकेतिक नाव दाखवतात), किंवा थोडा वेळ टक-टक करून मोटरच बंद पडली, तर हेडला आपला माग सापडत नाहीये. ते काम टेबलावरचं नाही, क्लीन रूम असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबचं. बायोसमधलं नाव आणि मोटर बंद होण्याआधी किती टकटक झाली ते इथंच लिहून कळवा. तोवर तिला पुन्हा पॉवर देऊ नका.