मशरूममध्ये मांसाइतकंच प्रोटीन? हिशेब नीट मांडूया

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: "मशरूममध्ये मांसाइतकंच, २०-३० टक्के प्रोटीन असतं. ते बीपी आणि कोलेस्टेरॉल उतरवतं, कॅन्सर रोखतं. मांसाऐवजी मशरूमचे पदार्थ खा, गोळ्या सुटतील." मला मशरूम मनापासून आवडतात, म्हणूनच हे लिहितोय.

आधी प्रोटीन. चिरलेली मशरूम नुसती तव्यावर टाकून बघा. पाचेक मिनिटांत पाणी सुटतं आणि भरलेल्या तव्यात मूठभर तुकडे उरतात. ताज्या मशरूममध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. १०० ग्रॅममागे प्रोटीन मिळतं साधारण ३ ग्रॅम, कच्च्या चिकन ब्रेस्टमध्ये २२ च्या घरात. मेसेजमधला २०-३० टक्क्यांचा आकडा वाळवलेल्या मशरूमचा आहे. सुक्याची तुलना ओल्याशी कशी करायची?

त्यातही एक गोम आहे. प्रयोगशाळेत सहसा नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणून प्रोटीन काढतात. पण मशरूमच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं. त्यात नायट्रोजन असतो, पण ते प्रोटीन नव्हे. म्हणून मशरूमसाठी बरेचदा ४.३८ ने गुणतात. मग ३० टक्के सांगितलेली पूड २१ वर येते. नऊही आवश्यक अमिनो आम्लं मशरूममध्ये असतात, हे मात्र खरं. ग्लुटामेटमुळे मांसासारखी खमंग चवही येते. सोयाबरोबर ती छान जमतात.

आता औषधी गुण. माझ्या मावशीने हा मेसेज वाचून आठवडाभर बीपीची गोळी घेतली नाही, तेव्हापासून मी यावर गप्प बसत नाही. कोलेस्टेरॉलच्या संदर्भात ज्याचं नाव घेतात ते बीटा-ग्लुकान प्रोटीन नाही, तंतुमय पदार्थ आहे. मशरूमच्या काही प्रोटीनांचा प्रतिकारशक्तीवर परिणाम दिसलाय, पण मुख्यतः परीक्षानळीत आणि उंदरांत, तोही वेगळं काढून शुद्ध केलेल्या प्रोटीनचा. आपण भाजून खातो तेव्हा उष्णतेने आणि पचनाने बहुतेक प्रोटीनांचा मूळ आकार मोडतो. बीपी कमी करणाऱ्या पेप्टाइडांवरचं (म्हणजे प्रोटीनच्या छोट्या तुकड्यांवरचं) बरंचसं कामही प्रयोगशाळेतच आहे. एवढ्यावर गोळी बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

माणसांवरचे चांगले अभ्यास आहेत ते मायकोप्रोटीनवर. त्यांत कोलेस्टेरॉल कमी झालेलं दिसलंय. पण मायकोप्रोटीन म्हणजे मशरूम नव्हे. ती फ्युझेरियम नावाची बुरशी, टाकीत वाढवलेली. ब्रिटनमध्ये १९८५ पासून विकली जाते. १०० ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम प्रोटीन आणि ६ ग्रॅम तंतू. मेसेजवाल्याने दोन्ही एकाच टोपलीत भरलेत.

आणि बी-१२? मशरूममध्ये ते नगण्य असतं. मांस पूर्ण सोडणार असाल तर ते दुसरीकडून मिळवावं लागेल. तयार पदार्थ आणलात तर पाकिटावर मीठ किती आहे तेही बघा, बीपी असेल तर आधी तेच.